दक्षिण फ्रान्सची भूमध्य किनारपट्टी : स्थलनामे आणि भाषेतिहास

स्थलनामे ही भाषेच्या इतिहासाची अत्यंत चिवट साधने होत. राज्ये बदलतात, धर्म बदलतात, एखादा समाज आपली पूर्वापार भाषा टाकून दुसरी स्वीकारतो. तथापि नदी, डोंगर व गाव यांची नावे बहुधा जुनीच राहतात. म्हणूनच ज्या भाषेचा ग्रंथ तर राहोच, पण एक सलग वाक्यही उरलेले नाही, तिचा शोध अभ्यासक प्रथम नकाशावर घेतात. मात्र या चिवटपणातूनच एक गैरसमज उद्भवतो. नाव टिकले म्हणजे भाषाही कोठेतरी टिकली असावी, असे सहज मानले जाते. हे गृहीत कितपत खरे आहे, हे तपासण्यास दक्षिण फ्रान्सची भूमध्य किनारपट्टी व तिच्यामागील ऐतिहासिक नगरे यांच्याइतके सोयीचे क्षेत्र क्वचितच आढळेल. अडीच हजार वर्षांत तेथे निदान चार भाषांनी आपली नावे मागे ठेवली, आणि त्यांपैकी ज्या भाषेने ही सर्व नावे शतकानुशतके सांभाळली ती आज स्वतःच अस्तंगत होण्याच्या मार्गावर आहे.

१. प्रदेश

हा प्रदेश पश्चिमेस पिरेनीज पर्वताच्या पायथ्यापासून पूर्वेस इटलीच्या सरहद्दीपर्यंत पसरलेला आहे. ऱ्होन नदीच्या मुखामुळे त्याचे दोन भाग पडतात. पश्चिमेकडील लांगदोकचा किनारा सखल असून वाळूच्या दांड्यांनी समुद्रापासून तोडलेली खारी सरोवरे त्याच्या कडेने एकामागून एक लागतात. पूर्वेकडील प्रोव्हांसचा किनारा खडकाळ आहे. मार्सेय आणि कासी यांच्यामध्ये चुनखडीच्या कड्यांत समुद्र अरुंद घळींतून आत शिरलेला दिसतो. या घळींना 'कालांक' म्हणतात, आणि हा शब्द लॅटिन भाषा येथे येण्यापूर्वीच्या थरातील मानला जातो. उन्हाळा कोरडा, पाऊस मुख्यतः शरद ऋतूत, आणि ऱ्होनच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे सुटणारा 'मिस्त्राल' वारा आभाळ स्वच्छ ठेवणारा, असे येथील हवामान आहे. 'मिस्त्राल' हा शब्द लॅटिन 'मागिस्त्रालिस' या रूपापासून आला. त्याचा अर्थ 'धनी वारा', इतर वाऱ्यांवर सत्ता गाजविणारा.

किनाऱ्यापासून थोडे आत गेले की द्राक्षाचे मळे, ऑलिव्हच्या बागा आणि 'गारिग' या नावाने ओळखली जाणारी खुरट्या सुगंधी झुडपांची माळराने लागतात. या पट्ट्यातच नार्बोन, नीम, आर्ल, आव्हिन्यों, वेझों आणि एक्स ही नगरे वसलेली आहेत. किनारा आणि अंतर्भाग यांतील हा भेद केवळ भौगोलिक नाही. किनाऱ्याने नावे घेतली ती समुद्रावरून येणाऱ्यांकडून. अंतर्भागाने ती घेतली जमीन कसणाऱ्यांकडून व सडका बांधणाऱ्यांकडून.

२. समुद्रमार्गे आलेली नावे

इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया या आयोनियन ग्रीक नगरातून आलेल्या लोकांनी 'मास्सालिया' वसविले. तेच आजचे मार्सेय. मास्सालियाच्या व्यापाऱ्यांनी पुढे किनाऱ्याच्या कडेने लहानमोठी ठाणी उभारली. आजचे नीस म्हणजे ग्रीकांचे 'निकाया'. या नावाचा संबंध 'विजय' या अर्थाच्या ग्रीक शब्दाशी जोडला जातो. आंतीब म्हणजे 'आंतिपोलिस', अर्थात 'समोरचे नगर'. लांगदोकच्या किनाऱ्यावरील आग्द म्हणजे 'आगाथे', 'शुभा'. यांतील प्रत्येक नाव बंदराचे आहे, आणि प्रत्येकाचा अर्थ नावेतून पाहणाऱ्या माणसाला सुचावा असा आहे.

ग्रीक भाषा किनाऱ्यावरच थांबली. ग्रीक लिपी मात्र आत गेली. वेझों येथे १८४० मध्ये सापडलेला शिलालेख या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. नीमच्या एका नागरिकाने बेलेसामा या देवीस एक पवित्र स्थान अर्पण केल्याची नोंद त्यात आहे. लेखाची लिपी ग्रीक आहे, परंतु भाषा गॉलिश, म्हणजे त्या भूमीतील केल्टिक भाषा आहे. व्यापाऱ्याकडून अक्षरे घ्यावीत आणि ती आपल्या दैवताच्या सेवेस लावावीत, हा व्यवहार जगात अनेक ठिकाणी घडला आहे. येथे तो दगडावर कोरलेला आढळतो.

३. अंतर्भागातील नगरे

आतील नगरांच्या नावांत गॉलिश थर स्पष्ट दिसतो. आर्लचे प्राचीन नाव 'आरेलाते'. त्याची फोड सामान्यतः 'दलदलीसमोरचे' अशी केली जाते, आणि ऱ्होनच्या त्रिभुज प्रदेशाच्या तोंडाशी असलेल्या नगरास हा अर्थ उत्तम लागू पडतो. नीमचे नाव 'नेमाउसुस' या झऱ्याच्या दैवतावरून पडले. हा झरा आजही नगराच्या बागेत वाहतो.

या थरावर रोमने आपला थर चढविला. इ. स. पूर्व १२२ मध्ये सेक्स्तियुस काल्व्हिनुस या रोमन सेनानीने एका गॉलिश गढीच्या पाडावानंतर जवळच्या उष्णोदकाच्या झऱ्यांपाशी ठाणे वसविले. त्याचे नाव 'आक्वाय सेक्स्तियाय', 'सेक्स्तियुसची जले'; हेच मार्सेयपासून सुमारे तीस किलोमीटरवरील एक्स होय. चार वर्षांनी, इ. स. पूर्व ११८ मध्ये, नार्बोनची वसाहत स्थापन झाली आणि इटलीस स्पेनशी जोडणारा 'व्हिया दोमितिया' हा राजमार्ग या पट्ट्यातून गेला. रोमन लोक या भूमीस नुसते 'प्रोव्हिंकिया', म्हणजे 'प्रांत' म्हणत. प्रशासनाचा हा रुक्ष शब्दच 'प्रोव्हांस' या आज काव्यमय वाटणाऱ्या नावाचा उगम आहे.

नगरांच्या नावांपेक्षाही खेड्यांची नावे अधिक बोलकी आहेत. रोमन जमीनदाराच्या नावास 'आनुम' हा प्रत्यय लावून त्याच्या वतनवाडीचे नाव बनविण्याची रीत होती. लिकिनियुसची वाडी ती 'लिकिनियानुम', आजचे लेझिन्यां; फ्रोंतिनियुसची ती आजचे फ्रोंतिन्यां. 'आनिकुम' हा दुसरा प्रत्यय मोंपेलिएच्या पूर्वेस 'आर्ग' असा उरला आहे. मार्सियार्ग, बायार्ग, लांसार्ग, वांदार्ग ही गावे एकमेकांपासून थोड्याच अंतरावर आहेत. नकाशावर अशा अंत्याक्षरांचे पुंजके जेथे दाट दिसतात, तेथे रोमन शेतीवसाहत दाट होती असे अनुमान काढता येते. त्या जमीनदारांची घरे भुईसपाट झाली, त्यांचे वंश कोणास ठाऊक नाहीत. त्यांची नावे मात्र गावाच्या पाटीवर आहेत.

याच संदर्भात नीम येथील 'मेझों कारे' या रोमन मंदिराची हकीकत नमूद करण्याजोगी आहे. मंदिराच्या दर्शनी भागावर एके काळी काशाची अक्षरे बसविलेली होती. ती कधीच नाहीशी झाली. उरली ती केवळ अक्षरे बसविण्यासाठी पाडलेली खिळ्यांची भोके. हे मंदिर कोणाचे याविषयी तर्क चालत असत. १७५८ मध्ये झां-फ्रांस्वा सेग्विए या नीमच्याच विद्वानाने त्या भोकांच्या मांडणीवरून मूळ अक्षरे जुळविली आणि मंदिर आगुस्तुसचे दत्तकपुत्र गायुस व लुकियुस यांस अर्पण केलेले असल्याचे दाखविले. भोके सर्वांनाच दिसत होती. ती वाचता आली ती लॅटिन कोरीव लेखांची घडण ठाऊक असलेल्या माणसास.

४. ध्वनिपरिवर्तनाची साक्ष

रोमन सत्ता लयास गेल्यावर बोलीतील लॅटिन दोन दिशांनी बदलत गेली. उत्तरेत जी भाषा घडली ती पुढे फ्रेंच झाली. दक्षिणेत जी घडली तिला आज ओक्सितान म्हणतात, आणि प्रोव्हांसाल ही तिची पूर्वेकडील बोली होय. तिला स्वतंत्र भाषा मानणारेही अभ्यासक आहेत. होकारासाठी दक्षिणेत 'ओक' आणि उत्तरेत 'ओइल' म्हणत. या भेदावरूनच दांतेने आपल्या भाषाविषयक लॅटिन ग्रंथात भाषांचे वर्गीकरण केले, आणि 'लांगदोक', म्हणजे 'ओकची भाषा', हे प्रांताचे नाव झाले. एखाद्या प्रांतास 'होय' या शब्दावरून नाव मिळाल्याचे उदाहरण विरळाच.

या दोन भाषांतील भेद मराठी अभ्यासकास परिचित अशा प्रकारचा आहे. दोन स्वरांमधील लॅटिन 'त' दक्षिणेत मृदू होऊन 'द' झाला, तर उत्तरेत तो अजिबात लोपला. लॅटिन 'व्हीता' (जीवन) याचे ओक्सितान रूप 'विदा', फ्रेंच रूप 'व्ही'. लॅटिन 'मातूरुस' (पक्व) याचे 'मादूर' आणि 'म्यूर'. संस्कृत 'गच्छति'चे शौरसेनीत 'गच्छदि' आणि महाराष्ट्रीत 'गच्छइ' होते, तेथेही हीच दोन पावले दिसतात. दोन्हीकडे एकच प्रवृत्ती कार्य करते; एक भाषा मध्येच थांबते, दुसरी टोकास जाते. यावरून कोणत्याही ऐतिहासिक संबंधाचे अनुमान काढावयाचे नाही, हे उघड आहे. परंतु ध्वनिपरिवर्तनाच्या वाटा फार थोड्या असतात, एवढे त्यावरून निश्चित दिसते.

स्थलनामांत हा इतिहास गोठून राहिला आहे. लॅटिन 'आक्वा' (पाणी) या एका शब्दाची परिणती पाहावी. फ्रेंचमध्ये त्याचा 'ओ' एवढा एकच स्वर उरला. ओक्सितानमध्ये तो 'आइगो' किंवा 'आइगा' असा आहे, आणि एग-मोर्त, 'मृत जले', या खाजणातील तटबंदीच्या नगराच्या नावात तेच रूप दिसते. याच बंदरातून फ्रान्सचा राजा नववा लुई १२४८ व १२७० मध्ये धर्मयुद्धावर निघाला. 'आक्वाय सेक्स्तियाय'मधील 'आक्वाय' हा शब्द विभक्तिरूपासह झिजून 'एक्स' झाला. एकाच पाण्याची ही तीन रूपे शेजारी शेजारी नांदत आहेत. तसेच 'फोरुम यूलिई', 'यूलियुसची पेठ', या नावाचे प्रोव्हांसमध्ये फ्रेझ्यूस झाले, तर ईशान्य इटलीत त्याच नावाच्या दुसऱ्या पेठेवरून फ्रिऊली हे प्रांताचे नाव पडले. बीज एकच, भूमी वेगळी, म्हणून फळ वेगळे.

५. राज्यभाषा आणि अपारदर्शक झालेली नावे

बाराव्या व तेराव्या शतकांत ओक्सितान ही त्रुबादूर कवींची भाषा म्हणून युरोपभर मान पावलेली होती. पुढे राजकीय सत्ता उत्तरेकडे एकवटली. प्रोव्हांस पंधराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच राजसत्तेखाली आला. १५३९ च्या व्हिलेर-कोत्रे येथील राजाज्ञेने न्यायालयीन कागदपत्रे फ्रेंचमध्ये लिहिणे सक्तीचे केले. राज्यक्रांतीच्या काळात, १७९४ मध्ये, आबे ग्रेग्वार यांनी प्रांतिक बोली नष्ट करून फ्रेंच सार्वत्रिक करण्याची आवश्यकता प्रतिपादणारा अहवाल सादर केला. १८८१–८२ च्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे झाले, आणि त्याचे माध्यम फ्रेंच होते. राजाज्ञेने जे कचेरीत घडविले, ते शाळेने घरात घडविले.

भाषा मागे हटली तशी नावे अपारदर्शक होऊ लागली. आर्लजवळील डोंगरावर 'ले बो' नावाचे मध्ययुगीन गाव आहे. मूळ शब्द 'बाउस', म्हणजे तुटलेला कडा. फ्रेंच कानास मात्र हे नाव 'सुंदर' या अर्थाच्या विशेषणासारखे ऐकू येते, आणि गाव खरोखरच सुंदर असल्याने कोणास शंका येत नाही. १८२१ मध्ये पिएर बेर्तिए यांनी या गावाजवळच्या तांबड्या खनिजाचे पृथक्करण केले. त्यावरून 'बॉक्साइट' हा शब्द जगभर गेला. कोल्हापूरच्या डोंगरांतून निघणाऱ्या खनिजाच्या नावात अशा रीतीने ओक्सितान भाषेतील 'कडा' दडलेला आहे. मार्सेयच्या 'कानबिएर' या प्रमुख रस्त्याच्या नावात 'कानेबे', म्हणजे जहाजाच्या दोरखंडांसाठी लागणारा अंबाडीसारखा ताग, हा शब्द आहे. 'नवा किल्ला' या अर्थाची दक्षिणी घडणीची नावे, उदाहरणार्थ मोंपेलिएजवळील कास्तेलनो, काही ठिकाणी टिकली. इतरत्र नकाशाने त्यांचे 'शातोनफ' असे सरळ भाषांतर करून टाकले. सेत या बंदराचे लेखन तर १९२८ पर्यंत फ्रेंचमधील 'ही' या दर्शक सर्वनामासारखे होत असे. त्या वर्षी ते बदलण्यात आले.

६. पुनरुज्जीवन आणि लेखनपद्धतीचा वाद

२१ मे १८५४ रोजी सात कवींनी आव्हिन्योंजवळ 'फेलिब्रिज' ही संस्था स्थापिली. त्यांतील फ्रेदेरिक मिस्त्राल (१८३०–१९१४) यांचे 'मिरेयो' हे काव्य १८५९ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि १८८६ मध्ये पूर्ण झालेल्या त्यांच्या कोशात ओक्सितानच्या सर्व बोलींची शब्दसंपत्ती स्थलनामांसह संगृहीत झाली. १९०४ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक त्यांना होसे एचेगाराय यांच्यासमवेत विभागून मिळाले. आपल्या वाट्याची रक्कम त्यांनी आर्लमधील लोकजीवन-संग्रहालयाच्या कार्यास दिली.

मिस्त्राल यांची लेखनपद्धती ऱ्होनकाठच्या उच्चारावर आधारलेली होती. लांगदोकच्या अभ्यासकांस ती एकदेशी वाटली. लुई अलिबेर यांनी १९३५ च्या सुमारास मध्ययुगीन परंपरेस अनुसरून दुसरी पद्धती सिद्ध केली, आणि १९४५ मध्ये तुलूझ येथे स्थापन झालेल्या ओक्सितान अभ्यास संस्थेने तिचा प्रसार केला. परिणामी एकाच नगराची दोन लेखने झाली. मार्सेय एका पद्धतीत 'मार्सिहो', तर दुसरीत 'मार्सेल्हा'. यातील 'ल्हा' येथे रोमन लिपीतील 'एल' व 'एच' मिळून तालव्य ल दाखविला जातो. तालव्य ञ साठी 'एन' व 'एच' लिहितात. पोर्तुगीजांनी हीच योजना ओक्सितान लेखनातून घेतली, असे सामान्यतः मानले जाते. गोव्यातील कार्व्हालो आणि नोरोन्या या आडनावांच्या रोमन लेखनात दिसणारा, नवख्यास बुचकळ्यात टाकणारा 'एच' तेथून आलेला आहे.

लेखनाचा हा वाद अभ्यासकांच्या दृष्टीने कितीही फलदायी असला, तरी त्याचे मोल भाषेस द्यावे लागले. जी भाषा घरात बोलली जात नाही, तिचे लेखन कसे करावे याविषयी दोन पक्ष पडले म्हणजे शिकू इच्छिणारा प्रथम कोणता पक्ष घ्यावा याच विचारात पडतो. १९५१ च्या कायद्याने ओक्सितान शाळेत शिकविण्यास मुभा मिळाली, परंतु तोपर्यंत मातापित्यांकडून मुलांकडे भाषा जाण्याची साखळी बहुतांशी तुटली होती. युनेस्कोच्या २०१० च्या भाषासंग्रहात प्रोव्हांसाल व लांगदोकची बोली या दोन्ही गंभीर धोक्यात असलेल्या भाषांत गणल्या आहेत.

७. पाटीवरील नाव

एकोणिसाव्या शतकात किनाऱ्यास समुद्रावरून नव्हे तर उत्तरेकडून येणाऱ्यांनी पुन्हा नवी नावे दिली. हिवाळा घालविण्यास नीस येथे येणाऱ्या इंग्रज कुटुंबांच्या पुढाकाराने सागरकाठचा रस्ता झाला. स्थानिक लोक त्यास आपल्या बोलीत 'इंग्रजांची वाट' म्हणत, आणि तेच नाव फ्रेंच रूपात आज जगप्रसिद्ध आहे. १८८७ मध्ये स्तेफां लिएजार या लेखकाने आपल्या ग्रंथास 'कोत द आझ्यूर', 'निळाईचा किनारा', असे नाव दिले, आणि तेच या किनाऱ्याचे नाव होऊन बसले. पाहुण्याने दिलेले नाव रहिवाशाने पत्करावे, हा निकाया-आंतिपोलिसचा क्रम येथे पुन्हा एकदा घडला.

यजमानाची नावे मात्र न्यायालयात गेली. मोंपेलिएजवळील व्हिलनव्ह-ले-मागलोन या गावाने आपल्या वेशीवर फ्रेंच नावाच्या पाटीबरोबर 'विलानोवा दे मागालोना' अशी ओक्सितान पाटी लावली होती. तिला आक्षेप घेण्यात आला, आणि २०१० मध्ये मोंपेलिएच्या प्रशासकीय न्यायालयाने ती काढण्याचा आदेश दिला. २०१२ मध्ये मार्सेयच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरविला. फ्रेंच नावासह प्रादेशिक नाव देण्यास कायद्याची आडकाठी नाही, असा त्या निकालाचा आशय होता. फ्रेंच ही प्रजासत्ताकाची भाषा असल्याचे कलम १९९२ मध्ये राज्यघटनेत आले. प्रादेशिक भाषा हा राष्ट्राचा वारसा असल्याचे कलम २००८ मध्ये जोडले गेले. २०२१ च्या कायद्याने सार्वजनिक इमारती व रस्ते यांवर प्रादेशिक भाषेतील नावे देण्यास स्पष्ट मुभा दिली. त्याच कायद्यातील प्रादेशिक भाषेच्या पूर्ण माध्यमातून शिक्षण देण्याची तरतूद मात्र घटना-परिषदेने घटनाबाह्य ठरविली.

या दोन निर्णयांचा एकत्र विचार केला म्हणजे प्रारंभी उपस्थित केलेल्या प्रश्नाचे उत्तर मिळते. पाटीवर नाव राहू शकते. ते नाव ज्या भाषेत अर्थपूर्ण आहे, ती भाषा शाळेच्या सर्व व्यवहारात राहू शकत नाही. 'विलानोवा'चा अर्थ 'नवे गाव' आहे हे सांगणारे मूल गावात नसेल, तर ती पाटी आणि 'आंतिपोलिस' यांच्यात फारसा फरक उरत नाही. ग्रीक गेली, गॉलिश गेली, लॅटिन रूपांतर पावली; त्यांची नावे टिकली, कारण पुढच्या प्रत्येक भाषेने ती आपल्या उच्चारात मुरवून घेतली. या मुरविण्याचे काम येथे दीड हजार वर्षे ओक्सितानने केले.

नीमच्या मंदिरावरील भोके सेग्विएच्या पूर्वीही तेथेच होती, आणि ती वाचणारा मिळेपर्यंत मुकी होती. स्थलनामांची स्थिती त्याहून वेगळी नाही. नकाशावरील नावे ही भाषेची खूण असते, भाषा नव्हे. म्हणून स्थलनामांचा संग्रह करणाऱ्या अभ्यासकाने नावाबरोबरच त्या नावाचा स्थानिक उच्चार, गावकरी त्याचा जो अर्थ सांगतात तो अर्थ, आणि ते कोणत्या भाषेत सांगतात ही माहिती टिपून ठेवणे अगत्याचे आहे. नाव पुढील शतकातही सापडेल. ते सांगणारा वृद्ध शेतकरी सापडेलच असे नाही.